घरची सरबते आणि लोणची विकताना प्रिझर्व्हेटिव्ह कसे निवडावे, मोजावे आणि लेबलवर लिहावे

मुंबईत घरच्या घरी कोकम सरबत, लिंबू स्क्वॉश, कैरीचे लोणचे किंवा आवळ्याचा मोरावळा करून विकायला सुरुवात केली की ओळखीच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न चवीबद्दल नसतो. ‘यात प्रिझर्व्हेटिव्ह घातले आहे का?’ असा तो असतो. बहुतेक नवीन उद्योजक घाईने ‘नाही’ म्हणतात, आणि पावसाळ्यात दुकानातून फसफसलेली बाटली परत आली की कुणीतरी सांगितलेली पांढरी पूड चमच्याने घालू लागतात. या दोन टोकांच्या मध्ये बरीच शिस्तशीर माहिती आहे. पण ती कायद्याच्या तक्त्यांत, रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आणि बाजारातल्या दुकानदारांच्या बोलण्यात विखुरलेली असल्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ होतो. काही वर्षे हा लहानसा व्यवसाय केल्यावर जी वाट मला सरळ वाटली, ती येथे क्रमाने देत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील साधने जमवा.

- ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, आणि मोठ्या वजनासाठी स्वयंपाकघरातला नेहमीचा काटा
- डिजिटल पीएच मीटर (पीएच हा आंबटपणाचा आकडा; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट), तसेच तो तपासून घेण्यासाठी पीएच ४ आणि पीएच ७ ची बफर, म्हणजे ठरावीक पीएच असलेली, द्रावणे
- साखरेचे प्रमाण ब्रिक्समध्ये (म्हणजे शंभर ग्रॅममध्ये विरघळलेली साखर किती ग्रॅम) दाखवणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर
- काचेच्या बाटल्या, स्टीलची पातेली, आणि एक जाड वही

पीएचच्या रंगीत कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. पण कोकम किंवा जांभळाच्या रसात बुडवल्यावर पट्टीवर रसाचाच रंग चढतो आणि आकडा वाचता येत नाही, म्हणून मीटरवरचा खर्च टाळू नये.

१. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ या शब्दात काय काय येते ते आधी पाहा

अन्न टिकवणारा, म्हणजे त्यातील जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांची वाढ रोखणारा किंवा मंदावणारा पदार्थ म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह. शासकीय मराठीत त्याला परिरक्षक म्हणतात. भारतीय नियमांत रूढ असलेल्या वर्गीकरणानुसार त्याचे दोन वर्ग होतात. पहिल्या वर्गात मीठ, साखर, मध, मसाले, व्हिनेगर आणि खाद्यतेल येते, म्हणजे आपल्या आज्या बरणीत जे घालत आल्या तेच. दुसऱ्या वर्गात बेंझोइक आम्ल व त्याचे क्षार, सल्फाइटे, सॉर्बिक आम्ल व त्याचे क्षार, प्रोपियोनेटे, नायसिन आणि मांसासाठी वापरली जाणारी नायट्राइटे असे पदार्थ येतात. पहिल्या वर्गातील पदार्थांना साधारणपणे कमाल मर्यादा घातलेली नसते. दुसऱ्या वर्गातील प्रत्येक पदार्थ कशात चालतो आणि किती चालतो हे ठरवून दिलेले असते. गिऱ्हाईक विचारते ते या दुसऱ्या वर्गाबद्दल, हे लक्षात ठेवून उत्तर द्यावे.

पाकिटावरच्या आयएनएस क्रमांकांमुळेही, म्हणजे अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांना दिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांमुळेही, गैरसमज होतात. क्रमांक दिसला की ते प्रिझर्व्हेटिव्हच, असे नसते. २०० ते २०३ हा सॉर्बेटांचा पट्टा, २१० ते २१३ बेंझोएटांचा, २२० ते २२५ सल्फाइटांचा, आणि २८२ हे पावात घातले जाणारे कॅल्शियम प्रोपियोनेट. मात्र ३३० हे सायट्रिक आम्ल असून ते आंबटपणा सांभाळते, ३१९ हे फरसाणाच्या तेलाला खवट होऊ न देणारे अँटिऑक्सिडंट आहे, आणि ६२१ म्हणजे अजिनोमोटो केवळ चव वाढवते. पापडखारालाही पुष्कळ लोक टिकवण्याचे श्रेय देतात. पापड टिकतो तो वाळल्यामुळे.

२. आपला पदार्थ कोणत्या गटात बसतो ते ठरवा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण अर्ध्या पदार्थांना दुसऱ्या वर्गातील काही लागतच नाही आणि काहींना घालूनही उपयोग होत नाही.

साखरेने टिकणाऱ्या पदार्थांपासून सुरुवात करा. मुरांबा, मोरावळा, साखरांबा आणि जॅम यांत विद्राव्य घटकांचे प्रमाण ६५ ब्रिक्सच्या पुढे गेले की यीस्टला वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी फारसे उरत नाही. तुमचा रिफ्रॅक्टोमीटर ६८ दाखवत असेल, बाटली कोरडी असेल आणि झाकण घट्ट असेल, तर पांढऱ्या पुडीची गरज नाही. हाच नियम घट्ट पाकालाही लागू पडतो. स्क्वॉशची गोष्ट वेगळी असते: नियमाप्रमाणे त्यात किमान २५ टक्के फळांचा रस आणि किमान ४० ब्रिक्स लागते, आणि ४० ते ४५ ब्रिक्सवर यीस्ट मजेत जगते. म्हणूनच स्क्वॉश फसफसतो आणि मुरांबा फसफसत नाही.

दुसरा गट वाळवलेल्या पदार्थांचा. मेतकूट, मसाले, कुरडया, पापड आणि कोरडी लसणाची चटणी यांचा शत्रू म्हणजे मुंबईची दमट हवा. त्यांना उत्तम भाजणी, ऊन आणि हवाबंद पिशवी पुरते.

तिसरा गट मीठ, तेल आणि आंबटपणा यांवर टिकणाऱ्या लोणच्यांचा. तेलातल्या लोणच्यात फोडी तेलाखाली बुडालेल्या राहणे हीच मुख्य गोष्ट असते. तेलाच्या वर डोकावणारी एक फोड जुलै महिन्यात सगळ्या बरणीला बुरा आणते. मीठ कमी करून ‘हेल्दी’ लोणचे विकण्याची हौस असेल, तर टिकण्याची जबाबदारी कशावर टाकणार हे आधी ठरवावे लागते.

चौथा गट धोक्याचा आहे. ओल्या खोबऱ्याची चटणी, पुरणपोळी, उकडीचे मोदक, तेलात बुडवलेली ओली लसूण आणि शिजवलेल्या भाज्या यांचा पीएच ४.६ च्या वर असतो. हवाबंद बाटलीत, खोलीच्या तापमानाला, या पातळीच्या वर क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू विष तयार करू शकतो, आणि त्या विषाचा वास किंवा चव येईलच असे नाही. घरगुती पातळीवर असे पदार्थ फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवण्यासाठीच विकावेत. त्यांना ‘थोडे बेंझोएट घालून’ महिनाभर टिकवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये; कारण पुढच्या पायरीत आहे.

३. पदार्थाला साजेसे प्रिझर्व्हेटिव्ह निवडा

घरगुती व्यवसायात प्रत्यक्ष उपयोगी पडणारी दुसऱ्या वर्गातील नावे मुख्यतः दोनच: सोडियम बेंझोएट (२११) आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (२२४), ज्याला बाजारात केएमएस म्हणतात. पोटॅशियम सॉर्बेट (२०२) हे तिसरे. ते बेंझोएटपेक्षा थोड्या कमी आंबट पदार्थांतही बुरशीविरुद्ध काम करते, आणि केक व चीज करणाऱ्यांना अधिक लागते.

बेंझोएटचे काम पूर्णपणे आंबटपणावर अवलंबून असते. त्याचा जो भाग विघटन न होता बेंझोइक आम्लाच्या रूपात राहतो, तोच सूक्ष्मजीवाच्या पेशीत शिरतो. पीएच ३ वर हा भाग सुमारे ९४ टक्के असतो, पीएच ४.२ वर निम्मा, आणि पीएच ६ वर दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे तीच पूड, तितकीच मोजून, कोकमात राखणदारी करते आणि खोबऱ्याच्या चटणीत नुसती पडून राहते. हापूसच्या रसाचा पीएच अनेकदा ४ च्या आसपास असतो, त्यामुळे आंब्याच्या स्क्वॉशमध्ये आधी सायट्रिक आम्लाने तो साडेतीनच्या खाली आणावा आणि मगच प्रिझर्व्हेटिव्हचा विचार करावा.

केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो यीस्ट, बुरशी आणि जिवाणू या सर्वांवर चालतो, शिवाय रस काळा पडू देत नाही. म्हणून लिंबू, कैरी, अननस आणि आंबा यांना तो चांगला. परंतु लाल-जांभळा नैसर्गिक रंग तो उडवतो. कोकम, जांभूळ, करवंद, स्ट्रॉबेरी आणि डाळिंब यांच्या सरबतात केएमएस घातले की रंग डोळ्यांदेखत फिका पडू लागतो, आणि गिऱ्हाईक ‘कोकम कमी घातले’ असे समजते. या फळांना बेंझोएटच वापरावे. उलट लिंबासारख्या क जीवनसत्त्व असलेल्या रसात बेंझोएट टाळलेले बरे, कारण उष्णता आणि प्रकाश यांत दोन्हींच्या संयोगातून अतिसूक्ष्म प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकते. कोकमाला बेंझोएट, लिंबाला केएमएस, इतके पाठ केले तरी पहिल्या हंगामाचे काम भागते.

केएमएसबाबत आणखी एक सावधगिरी आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटामुळे श्वासाचा त्रास होतो. म्हणूनच किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असेल, तर लेबलवर ॲलर्जीच्या सूचनेत ते नमूद करणे भारतीय लेबल नियमांत बंधनकारक आहे.

४. हिशोब कागदावर करा, चमच्यावर करू नका

मर्यादा पीपीएममध्ये दिलेल्या असतात. एक पीपीएम म्हणजे एका किलो पदार्थात एक मिलिग्रॅम. स्क्वॉश, क्रश आणि सरबताच्या अर्काला बेंझोइक आम्ल ६०० पीपीएम किंवा सल्फर डायऑक्साइड ३५० पीपीएम; लोणच्याला बेंझोइक आम्ल २५० पीपीएम किंवा सल्फर डायऑक्साइड १०० पीपीएम; तर थेट पिण्याच्या तयार सरबताला अनुक्रमे १२० आणि ७०, असे आपल्याकडचे रूढ आकडे आहेत. आपल्या पदार्थाचा वर्ग कोणता आणि त्याला आज कोणता आकडा लागू आहे, हे पहिला घाणा करण्यापूर्वी एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील अन्न-मिश्रकांच्या तक्त्यात स्वतः पाहून घ्या, कारण या तक्त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात.

आता दहा किलो कोकम सरबताच्या अर्काचे उदाहरण घेऊ. ६०० पीपीएमप्रमाणे त्यात जास्तीत जास्त ६ ग्रॅम बेंझोइक आम्ल चालते. परंतु आपण विकत आणतो ते सोडियम बेंझोएट, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ०.८५ ग्रॅम बेंझोइक आम्ल असते. म्हणून ६ ला ०.८५ ने भागले की साधारण ७ ग्रॅम सोडियम बेंझोएट येते. दहा किलो लिंबू स्क्वॉशसाठी सल्फर डायऑक्साइड ३.५ ग्रॅम; शुद्ध केएमएसमध्ये त्याचे प्रमाण ५७.६ टक्के, म्हणून केएमएस सुमारे ६ ग्रॅम. हे कमाल आकडे आहेत, ध्येय नव्हे.

मी स्वतः केएमएस कमाल मर्यादेच्या बरेच खाली ठेवते, आणि त्याचे कारण हिशोबातच आहे. सल्फाइटांसाठी जागतिक तज्ज्ञ समितीने सुचवलेली दैनिक स्वीकार्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम आहे. एका पेल्यात साधारण ७० ग्रॅम स्क्वॉश जातो. तो पूर्ण मर्यादेचा असेल, तर त्यातून सुमारे २५ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड पोटात जाऊ शकतो. साठ किलोच्या माणसाची मात्रा ४२ मिलिग्रॅम होते, म्हणजे त्याला चालेल. वीस किलोच्या मुलाची मात्रा १४ मिलिग्रॅमच होते. आपला सर्वांत उत्साही गिऱ्हाईक नेमका तोच असतो. साठवणुकीत वायूचा काही भाग कमी होतो हे खरे, पण त्या भरवशावर पुडी उपडी करू नये.

हिशोबात नेहमी दिसणारे सापळे असे आहेत. लिटर आणि किलो एक मानले जातात. ४५ ब्रिक्सचा एक लिटर स्क्वॉश सुमारे १.२ किलो भरतो, म्हणून वजन करूनच मोजावे. अर्क पाण्यात मिसळून प्रदर्शनातल्या स्टॉलवर तयार सरबत बाटल्यांत भरले जाते आणि मर्यादा मात्र अर्काचीच धरली जाते. दोन प्रिझर्व्हेटिव्हे एकत्र वापरताना दोन्हींची पूर्ण मर्यादा घेतली जाते. प्रत्यक्षात परवानगी असेल तेथेही प्रत्येकाचा आपापल्या मर्यादेतील हिस्सा मिळून शंभर टक्क्यांवर जाता कामा नये. आणि शेवटचा, सर्वांत जुना सापळा चिमटीचा: पाच ग्रॅमच्या कामात दोन माणसांच्या चिमटीत दुपटीचा फरक सहज पडतो.

५. फूड ग्रेडचाच माल आणा

प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा मस्जिद बंदरच्या बाजारात रसायनांची दुकाने रांगेने आहेत, आणि तेथे एकाच नावाचा माल तीन-चार प्रतींत मिळतो. प्रयोगशाळेसाठीची एलआर किंवा एआर प्रत अधिक शुद्ध वाटते, परंतु ती अन्नासाठी प्रमाणित केलेली नसते. पाकिटावर ‘फूड ग्रेड’, उत्पादकाचे नाव, एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत हे सगळे छापलेले हवे. सुटी बांधून दिलेली पुडी, दुकानदार कितीही विश्वासू असला तरी, घेऊ नये. बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागा. घाऊक विक्रेते ते देतात. बिल फाइलला लावा, कारण तपासणीच्या वेळी ते उपयोगी पडते. केएमएस लहान पाकिटांतच घ्या. उघडे पडले की त्याचा जोर ओसरत जातो, आणि मग मोजून घातलेले वजन बरोबर असूनही सरबत फसफसते.

६. मिसळण्याची पद्धत

बाटल्या धुऊन, पाण्यात उकळून, पूर्ण निथळवून घ्या. फळे निवडताना डागाळलेली बाजूला काढा. प्रिझर्व्हेटिव्ह सूक्ष्मजीवांची वाढ थोपवते, आधीच झालेली घाण साफ करत नाही.

सोडियम बेंझोएट अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवून, रस ढवळत असताना बारीक धारेने घाला. सायट्रिक आम्ल आणि बेंझोएट एकाच वाटीत कधीही विरघळवू नका: आम्लामुळे बेंझोइक आम्ल पांढऱ्या कणांच्या रूपात बाहेर पडते, ते पाण्यात सहज विरघळत नाही, आणि तळाशी बसलेल्या साक्यामुळे एका बाटलीत जास्त व दुसऱ्या बाटलीत काहीच नाही अशी स्थिती होते. केएमएस रस पूर्ण थंड झाल्यावरच घालावे, अन्यथा वायू वाफेबरोबर निघून जातो. त्या वेळी खिडकी उघडी ठेवा, पातेल्यावर वाकून वास घेऊ नका, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. सल्फाइट घातलेल्या रसासाठी पत्र्याचे डबे किंवा ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत.

७. नोंदणी आणि लेबल

विक्रीसाठी अन्न बनवणाऱ्या प्रत्येकाला, स्वयंपाकघर कितीही लहान असले तरी, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर होतो, आणि राज्यातील अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन पाहते, ज्याचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. लहान उत्पादकाच्या नोंदणीसाठी छायाचित्र, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि बनवणार असलेल्या पदार्थांची यादी हाताशी ठेवा. काही सोसायट्या स्वतःचे ना-हरकत पत्र घ्यायला लावतात. शेजाऱ्यांच्या तक्रारी टाळायच्या असतील तर ते आधीच मागावे.

नोंदणी झाली की मिळालेला चौदा अंकी क्रमांक लेबलवर द्यावा लागतो. त्याशिवाय पदार्थाचे नाव, घटकांची उतरत्या क्रमाने यादी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, उत्पादकाचे नाव-पत्ता, किंमत आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हवे. प्रिझर्व्हेटिव्ह घटकांच्या यादीतच, कामाच्या नावासह लिहायचे असते: ‘परिरक्षक (आयएनएस २११)’ या धर्तीवर. मराठी उद्योजकांचा एक हमखास घोटाळा येथे होतो. नियमांनुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे आवश्यक आहे. मराठी त्याच्या जोडीला खुशाल द्यावी, परंतु केवळ मराठी लेबल नियमात बसत नाही. चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलसाठी कायद्याच्या कलम ५२ खाली तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ असे छापण्याचा मोह सर्वांनाच होतो. छापण्यापूर्वी विकत आणलेल्या प्रत्येक घटकाचे लेबल वाचा. तयार आले-लसूण पेस्ट, बाटलीतला लिंबाचा रस, आंब्याचा डबाबंद गर आणि बाजारचे सॉस यांत बेंझोएट किंवा सल्फाइट आधीच असू शकते आणि ते तुमच्या पदार्थात उतरते.

८. प्रत्येक घाण्याच्या बाटल्या मागे ठेवा

मुदत किती लिहावी हे शेजारणीला विचारून ठरत नाही. प्रत्येक घाण्यातील काही बाटल्या विकू नका. घरातल्या नेहमीच्या तापमानाला, उन्हापासून दूर, फडताळात ठेवा. दर महिन्याला एक उघडून पीएच, रंग, वास आणि चव वहीत लिहा. मे महिन्यात केलेला माल ऑगस्टअखेर ठीक राहिला, तर तुमची पद्धत मुंबईच्या हवेत टिकते असे मानायला हरकत नाही. पहिल्या हंगामातील एखादी बॅच एनएबीएल-मान्यताप्राप्त (एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) आणि एफएसएसएआयने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या, आणि अहवालात प्रिझर्व्हेटिव्हचे प्रमाण तसेच यीस्ट व बुरशी यांची संख्या या दोन्ही चाचण्या मागा, कारण नुसती ‘अन्न तपासणी’ सांगितली तर नेमके हवे ते आकडे येतीलच असे नाही.

झाकण फुगले, उघडताना फस्स आवाज झाला किंवा तळाचा साका वर आला, तर त्या क्रमांकाची सगळी बॅच थांबवावी. चव घेऊन खात्री करू नये. वहीतील बॅच क्रमांकावरून कोणत्या दुकानात आणि कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती बाटल्या गेल्या ते काढावे, त्यांना त्याच दिवशी फोन करावा, आणि परत आलेला माल पुन्हा उकळून वापरात न आणता टाकून द्यावा.